रिंगरोड शिवारातून जाणार असेल, तर आरोग्याचा प्रश्न कुठे आणि कसा मांडायचा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: तुमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, तुम्ही ग्रामपंचायत सदस्य. शहराभोवतीचा रिंगरोड तुमच्या शिवारातून जाणार म्हणून मोजणीची माणसं येऊन गेली. बैठकीत तुम्ही विचारलंत की याने लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम होईल, तर 'ते दवाखान्याचं काम, रस्त्याचं नव्हे' असं सांगून विषय संपवला गेला. नंतर कुणीतरी तुम्हाला 'आरोग्य परिणाम मूल्यांकन' हा शब्द सांगितला. हे आपल्याकडे मागता येतं का, कुणाकडे मागायचं आणि मागून उपयोग होतो का, असं तुम्ही विचारताय.

मी सार्वजनिक आरोग्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी बेळगाव, खानापूर आणि चिकोडी या तालुक्यांत. निवृत्तीनंतर रस्ते, कारखाने, कचरा डेपो अशा कामांचा आरोग्याच्या अंगाने अभ्यास करून द्यायचं काम करतो. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी स्पष्ट सांगतो. रस्त्यासाठी आरोग्य परिणाम मूल्यांकन केलंच पाहिजे असा कायदा आपल्या देशात नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात इतर खात्यांच्या धोरणांचा आरोग्यावर काय परिणाम होतो ते तपासावं असं म्हटलंय. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, त्याच्या बळावर कुणाचं काम थांबवता येत नाही. थायलंडमध्ये तसं नाही. तिथे २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्याने एखाद्या सार्वजनिक धोरणाचं आरोग्य मूल्यांकन मागण्याचा आणि त्यात भाग घेण्याचा हक्क साध्या नागरिकाला दिला. त्याच वर्षीच्या त्यांच्या राज्यघटनेत मोठ्या प्रकल्पांआधी आरोग्याचा अभ्यास बंधनकारक होता. तो न करता मंजुऱ्या दिल्या म्हणून २००९ मध्ये तिथल्या प्रशासकीय न्यायालयाने माप ता फुट या औद्योगिक पट्ट्यातले ७६ प्रकल्प रोखले. पुढे वरच्या न्यायालयाने त्यांतले ११ सोडले, बाकीचे तेव्हा अडकून राहिले. आपल्या हातात असं हत्यार नाही. पण आपल्याकडच्या वेगवेगळ्या कायद्यांत काही दारं आहेत आणि आरोग्याचा मुद्दा त्यांतून आत नेता येतो. मुद्दा नेमका हवा आणि वेळेत पोहोचायला हवा, एवढीच अट.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा वाचतो: रस्त्याची आखणी अजून बदलू शकते तोवर, त्या आखणीच्या कागदावर तुमच्या गावाचं आरोग्य कसं चढवायचं?

'नेमका मुद्दा' म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बहुतेक गावं इथेच हरतात. निवेदनात लिहितात, 'सदर रस्त्यामुळे ग्रामस्थांच्या आरोग्यावर विपरीत परिणाम होईल.' या वाक्यावर अधिकारी काहीच करू शकत नाही, चांगला असला तरी. मूल्यांकन म्हणजे हेच वाक्य उलगडणं: रस्त्यातली कोणती गोष्ट, कोणत्या वाटेने, कुणापर्यंत पोहोचते, आणि काय बदललं तर कमी होते. १९९९ साली युरोपात गोथेनबर्गला जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने याची जी व्याख्या ठरली तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग, आरोग्यावर होऊ शकणारे परिणाम. दुसरा, ते परिणाम लोकांमध्ये कसे वाटले जातात. माझ्या मते सगळा जीव दुसऱ्या भागात आहे. रिंगरोडने शहरातली अवजड वाहतूक बाहेर पडेल, शहरातल्या पोरांच्या फुप्फुसांना आराम मिळेल, तुमच्या गावातली बाळंतीण ॲम्ब्युलन्समधून लवकर पोहोचेल. हे फायदे खरे आहेत आणि तुमच्या कागदात ते लिहिलेच पाहिजेत. पण फायदा एकाला आणि भुर्दंड दुसऱ्याला अशी वाटणी होणार असेल, तर ती निर्णयाआधी सगळ्यांना दिसली पाहिजे.

पर्यावरण अहवालांत आरोग्याचं प्रकरण असतं, ते मी बरेचदा वाचलंय. एका अहवालात (कुठल्या कामाचा ते इथे सांगत नाही) आरोग्याला दीड पान होतं. परिसरात किती प्राथमिक आरोग्य केंद्रं, किती खाटा, जिल्ह्यात कोणते आजार आढळतात, आणि शेवटी 'कामगारांना मास्क पुरवले जातील'. याला दवाखान्यांची यादी म्हणता येईल. ज्या गावातून तो प्रकल्प जाणार होता, त्या गावातली पोरं शाळेला कुठून जातात हे त्यात कुठेच नव्हतं.

आता तुमच्या रस्त्याकडे येऊ. मी तुमचं शिवार पाहिलेलं नाही. भराव किती उंच, जमीन काळी की तांबडी, नाला कुठल्या अंगाला, यावर पुष्कळ काही ठरतं. तरी आपल्या भागातल्या रस्त्यांवर मला जे पुन्हा पुन्हा दिसलं ते सांगतो.

सगळ्यात आधी पाणी. बेळगावच्या भातपट्ट्यात पावसाळ्यात पाणी शेतांवरून पसरून वाहतं, एका बांधावरून दुसऱ्यावर. बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतकऱ्यांना विचारा, पाण्याची वाट थोडी चोंदली तरी उभं भात किती दिवस बुडून राहतं. अशा जमिनीवर दहा-बारा फुटांचा भराव आडवा टाकला तर तो धरणासारखा वागतो. नकाशावर जिथे निळी रेघ दिसते तिथे अभियंता मोरी, म्हणजे भरावाखालून पाणी जायची वाट, देतो, पण आपल्याकडे आषाढात पाणी रेघ नसलेल्या जागीही वाहतं. मोरी कमी पडली तर वरच्या अंगाला पाणी तुंबतं, डास होतात, विहिरीत घाण उतरते, आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी कमी पडू शकतं. त्यानंतरची मलेरिया, डेंग्यू, जुलाब यांची नोंद माझ्यासारख्याच्या रजिस्टरमध्ये होते, रस्त्याच्या फाइलमध्ये होत नाही.

उपाय स्वस्त आहे: आखणीच्या रेषेवरून जुलै-ऑगस्टमध्ये चाला. एका गावात आम्ही हे केलं. भर पावसात सात-आठ जण, पुढे ऐंशीच्या घरातले एक आजोबा. ते प्रत्येक बांधाशी थांबून काठीने दाखवत, 'हितनं जातंय पाणी, आणि मोठा पाऊस झाला की हितनंबी.' एका पोराने प्रत्येक जागेचा तारीख-वेळेसह व्हिडिओ घेतला, दुसऱ्याने गट नंबर लिहिले. आराखड्यातल्या मोऱ्या आणि आमच्या जागा एका कागदावर मांडल्या तेव्हा पाच ठिकाणी तफावत निघाली. बैठकीत आम्ही 'आरोग्य' हा शब्दही फारसा काढला नाही, तो कागद पुढे ठेवला. दोन मोऱ्या वाढल्या, तीन वाढल्या नाहीत. दोन वाढल्या हेही त्या गावासाठी थोडं नव्हतं.

दुसरं, ओलांडणं. रस्ता गावाचे दोन तुकडे करतो तेव्हा घर एका बाजूला आणि शेत, गोठा, शाळा, स्मशान दुसऱ्या बाजूला पडतं. जिल्ह्यातल्या एका रुंद केलेल्या रस्त्यावर मी एक दुपार नुसता बसून पाहिलं. खालून जायचा बोगदा गावापासून सव्वा किलोमीटरवर होता आणि त्यात गुडघाभर पाणी. त्यामुळे बायका डोक्यावर वैरणीचे भारे घेऊन वरूनच जात होत्या. एक जण भारा दुभाजकावर टेकवायची, पदर खोचून स्वतः चढायची, पलीकडे उतरून भारा परत डोक्यावर घ्यायची, आणि पाठ वळलेली असतानाच ट्रक यायचा. दोन तासांत मी २३ जणांना असं ओलांडताना मोजलं, त्यांत पाच शाळेची पोरं. तिथल्या एका मावशींनी मला सांगितलं, 'रस्ता करालेत ते बरं झालं की, पण म्हशी कुठनं न्यायच्या ते कोण सांगंना.' हे एक वाक्य माझ्या अहवालात जसंच्या तसं गेलं.

तुमच्या गावात हेच मोजणं आत्ता होऊ शकतं. सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी साडेतीन ते सात, आखणी ज्या ज्या पाणंदीला छेदते तिथे एकेक माणूस बसवा. किती माणसं, किती पोरं, किती जनावरं, किती बैलगाड्या, गवताने भरलेल्या किती ट्रॉल्या. यावरून बोगदा कुठे हवा आणि किती उंच हवा ते आपोआप ठरतं. भरलेली ट्रॉली जात नसेल तर तो बोगदा शेतकऱ्याच्या कामाचा नाही.

तिसरं, आवाज आणि धूळ. यावर अभ्यास भरपूर झालेत आणि पुरावा पक्का आहे. रात्रीच्या वाहतुकीचा सततचा आवाज झोप मोडतो, आणि वर्षानुवर्षं मोडलेली झोप रक्तदाब आणि हृदयविकाराकडे नेते. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रस्त्यालगतच्या घरांत, शाळेत, अंगणवाडीत आजचा आवाज किती हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यंत्राने मोजून मागा. मोबाइलवरचं ॲप अंदाजापुरतं ठीक, पुरावा म्हणून ते टिकत नाही. बांधकामाची दोन-तीन वर्षं वेगळी धरा: खडी, डांबर प्लँट, टिप्पर. प्लँट कुठे बसणार हे बहुतेकदा शेवटी ठरतं आणि वस्तीच्या उशाशी येतं, म्हणून ते आधीच विचारा.

आता चौथी गोष्ट, जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पुरावा माझ्या पाहण्यातला आहे, मोठ्या अभ्यासातला नाही, हे आधीच सांगतो. जमीन गेली की फक्त उत्पन्न जात नाही, ताटातलं अन्नही जातं. आपल्याकडे भातानंतर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा घेतात, बांधावर भाजी असते, रताळी असतात, दाराशी म्हैस असते. घरचा तांदूळ, घरची डाळ, घरचं दूध एकाच हंगामात बंद होतं आणि सगळं दुकानातून येऊ लागतं. पैसा ज्याच्या नावावर उतारा त्याच्या खात्यात जातो. त्याच शेतात लावणीला जाणारी बाई, वाट्याने कसणारा, दुसऱ्याच्या बांधावरचं गवत कापून दोन म्हशी पाळणारी विधवा, यांच्या नावाने कागदावर काहीच नसतं. मोबदला मिळालेल्या घरांत भावाभावांत वाटणीवरून फाटाफूट, दारू, न झेपणारी गाडी आणि मग रात्र रात्र न येणारी झोप, हे मी ओपीडीत बसून पाहिलंय. पहिल्या वर्षी कुणी तक्रार करत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती माणसं 'अंग दुखतंय' म्हणून येऊ लागतात.

म्हणून घरांची यादी करताना जमीनमालकांवर थांबू नका. तुमची आशाताई प्रत्येक घर ओळखते. तिला घेऊन बसा आणि या शिवारावर कोण कोण जगतं ते लिहा. अंगणवाडीच्या ओट्यावर रांगोळीने शिवाराचा नकाशा काढला की बायका आपोआप बोलू लागतात, हे मी अनेकदा पाहिलंय. माझ्यासारख्या डॉक्टरने वही उघडली की त्याच बायका गप्प होतात.

आता दारं. इथे तारखा महत्त्वाच्या आहेत.

रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून होत असेल, तर भूसंपादन १९५६ च्या महामार्ग कायद्याने होतं. त्यातल्या कलम ३ए ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत हरकत नोंदवता येते, आणि ती जमिनीत हितसंबंध असलेल्यानेच नोंदवायची असते. त्यामुळे मोरी, बोगदा, विहीर हे मुद्दे जमीनवाल्यांच्या हरकतींत घाला, गट नंबरासह. प्रत्येकाने एकच छापील अर्ज देऊ नये, ज्याच्या त्याच्या शेतातली गोष्ट लिहावी. कलम ३डी ची, म्हणजे संपादनाची, घोषणा झाली की जमीन सरकारची होते, मग संपादनावर हरकत घ्यायला जागा उरत नाही. एका गावाने मला ३डी नंतर बोलावलं होतं. अहवाल मी मनापासून लिहिला, आणि तो कुणाच्याही उपयोगी पडला नाही.

संपादन २०१३ च्या भूसंपादन कायद्याने होत असेल तर वाव जास्त. त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, पंचायतीशी सल्लामसलत आहे, पिण्याचं पाणी, गुरांचं पाणी, आरोग्य केंद्र, अंगणवाडी यांवरचा परिणाम पाहायला सांगितलंय, आणि अहवाल पंचायतीला स्थानिक भाषेत द्यायचा आहे. प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला ६० दिवस मिळतात. काही कामांना यातून सूट असते, तेव्हा तुमच्या कामाला कोणता कायदा लावलाय हे माहिती अधिकारात आजच विचारा.

तिसरं दार पर्यावरण मंजुरीचं. ती लागते की नाही हे रस्त्याचा प्रकार, लांबी आणि रुंदी यांवर ठरतं. लागत असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते. किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, अहवालाचा मसुदा डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस आणि जिल्हा पंचायतीत बघायला मिळतो, लेखी म्हणणं कुणालाही देता येतं. शेवटी सुनावणीचं इतिवृत्त जमलेल्यांना त्यांच्या भाषेत समजावून वाचून दाखवायचं असतं. ते वाचून होईपर्यंत कुणीही उठू नका. बोललेली गोष्ट इतिवृत्तात आली नाही तर तिथल्या तिथे हात वर करा. मंजुरीविरुद्ध हरित लवादाकडे जायचं तर मुदत ३० दिवसांची, आणि आपण कर्नाटकात असल्याने खंडपीठ चेन्नईचं. पुणे जवळ असलं तरी ते आपल्यासाठी नाही. या अंतराचा विचार करूनच सांगतो, शक्य ते सगळं सुनावणीत आणि हरकतीतच मांडा.

भाषेचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा तुम्हाला हक्क आहे, मराठीत निवेदन देता येतं. तरी माझा सल्ला असा की मराठी मूळ प्रत द्या आणि तिच्यासोबत कन्नड प्रत जोडा. फाइल हाताळणारा कारकून आणि अभियंता ती कन्नडमध्ये वाचणार आहेत, आणि मोरीची जागा त्यांना अचूक कळली पाहिजे. गावातली कन्नड शिकलेली पोरं हे काम दोन संध्याकाळींत करतील. शेजारच्या कन्नड गावाचं पाणीही त्याच भरावाला अडणार आहे, त्यांनाही सोबत घ्या. एकाच आखणीवर दोन्ही भाषांतल्या गावांचे सारखे ठराव आले तर ते बाजूला सारणं अवघड जातं.

राहिला प्रश्न, हे करायचं कुणी. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती तुमच्या गावात कागदावर तरी असेलच. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिची अध्यक्ष शक्यतो पंचायतीची महिला सदस्य असते आणि सचिव आशा. म्हणजे ताई, कदाचित तुम्हीच. त्या समितीचा ठराव घ्या, मग ग्रामसभेचा, आणि पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) नक्कल सही-शिक्क्यासह घ्या. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विनंती करा: गेल्या पूर्ण वर्षाचे ताप, जुलाब, दमा, अपघात यांचे महिनावार आकडे, नावांशिवाय. पूर्ण वर्ष यासाठी की आपल्याकडे आषाढ आणि सुगी यांचे आजार वेगळे. हे आकडे आत्ता हातात असले तरच रस्ता झाल्यावर काय बदललं ते दाखवता येईल. नाहीतर कुणीही म्हणेल, हे आजार आधीही होतेच.

एवढं सगळं तीन आठवड्यांत बसतं, मी बसवलंय. पहिल्या आठवड्यात चालणं आणि मोजणं, दुसऱ्यात घरांची यादी आणि दवाखान्याचे आकडे, तिसऱ्यात चार पानांचा कागद. चारच पानं. शेवटच्या पानावर मागण्या, प्रत्येक मागणीपुढे जागा आणि गट नंबर: इथे मोरी, इथे इतक्या उंचीचा बोगदा, शाळेच्या बाजूला सर्व्हिस रोड आणि आवाज अडवणारी भिंत, प्लँट वस्तीपासून दूर, भूमिहीन कुटुंबांची ही यादी, आणि काम सुरू झाल्यावर दर सहा महिन्यांनी आरोग्य खात्यासह पाहणी.

आखणीच नको अशी गावाची भूमिका असेल तर तो गावाचा हक्क आहे, आणि हाच कागद तिथेही आधार देईल. फक्त आतून हिशेब खरा ठेवा. फायदे लपवले किंवा भीती वाढवून लिहिली तर एका खोट्या ओळीपायी उरलेली चार पानं फुकट जातात.

मोजणीची माणसं येऊन गेली म्हणता, पण अधिसूचना निघाली की नाही हे तुमच्या प्रश्नात नाही. तलाठ्याकडे किंवा पंचायतीच्या फलकावर काही लागलंय का, आणि त्यावर ३ए लिहिलंय का, हे उद्याच बघा. तारीख आणि आखणीने छेदलेल्या पाणंदींची नावं कळवलीत, तर मोजणीचा तक्ता तुमच्या गावापुरता आखून पाठवतो.